तीन पाळ्यांच्या गावातली उपासना

पिंपरी, चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी म्हटली की गुरुवार. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिले गेले, त्यात या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. ख्रिस्ती उपासनेचा वार मात्र रविवार. लहान वर्कशॉपमधला ख्रिस्ती फिटर रविवारी कामावर असतो आणि गुरुवारी घरी. मोठ्या कंपनीतला कामगार रात्रपाळी उरकून रविवारी सकाळी बसमधून उतरतो, तेव्हा पहिल्या उपासनेची वेळ झालेली असते. बाकांवर कोण बसणार याचा निम्मा निकाल चर्चच्या बाहेर, शिफ्टच्या वेळापत्रकातच लागतो.

सर्वांना सामावून घेणारी उपासना आणि सर्वांपर्यंत पोचणारा उपदेश, हा विषय जगभरच्या चर्चमध्ये चर्चेत आहे. पाश्चात्त्य देशांत ही चर्चा मुख्यतः वंश, स्त्री-पुरुष समानता, अपंगत्व आणि लैंगिक कल यांभोवती फिरते. आपल्याकडे तिच्यात जात आणि भाषा येतात. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते, पाळी आणि कंत्राट. इथल्या चर्चनी भाषेचा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला आहे. अडचण अशी की तो सुटला म्हणजे सगळेच सामावले गेले, असा समजही त्यातूनच रूढ झाला.

वस्ती वाढली तशी मंडळी वाढली

या भागातली जुनी चर्चे छावणीची. खडकीचे ऑल सेंट्स चर्च १८४१ चे. ते ब्रिटिश सैनिकांसाठी उभे राहिले, इंग्रजी उपासनेसाठी. पिंपरीचा कायापालट झाला तो १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाल्यावर. त्यापाठोपाठ साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आले, औद्योगिक वसाहत आखली गेली. १९८२ मध्ये महापालिका झाली. २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या घरात असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांच्या पुढे गेली. मधल्या काळात कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणला पोचली होती. बजाजचा तिथला कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, मागोमाग महिंद्र.

कारखान्यांबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर त्यांची उपासना. नगर जिल्हा आणि मराठवाड्यातून मराठी ख्रिस्ती कुटुंबे आली. केरळ, तामिळनाडू, गोवा, मंगळूर इथून तंत्रज्ञ, परिचारिका, कारकून आणि शिक्षक आले. चाकणच्या भरभराटीनंतर झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमधले तरुण कंत्राटी कामावर येऊ लागले. त्यांच्यातल्या आदिवासी ख्रिस्ती मुलांची प्रार्थनेची भाषा बहुधा हिंदी किंवा सादरी.

यातून जो नकाशा तयार झाला तो बाहेरच्याला चक्रावून टाकणारा आहे. कॅथलिक म्हटले तरी तीन परंपरा. लॅटिन परंपरेचा पुणे धर्मप्रांत १८८६ चा. सिरो-मलबार परंपरेसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत झाला, त्याच्या कक्षेत हा भाग येतो. सिरो-मलंकारा परंपरेचे तर अधिकारक्षेत्रच २०१५ मध्ये शेजारच्या खडकीच्या नावाने स्थापन झाले. प्रोटेस्टंटांत उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सीएनआय. शिवाय मेथडिस्ट आणि मार थोमा. त्यांच्या जोडीला ऑर्थोडॉक्स, आणि चाळीतल्या एखाद्या खोलीत, भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या असंख्य पेंटेकॉस्टल मंडळ्या.

एकत्र येण्याचा सर्वांत मोठा प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांनी विलीन होऊन सीएनआयची स्थापना केली. त्यांत बालबाप्तिस्मा मानणारे होते आणि केवळ प्रौढांनाच बाप्तिस्मा देणारेही होते. दोन्ही पद्धती एका छपराखाली ठेवायचा निर्णय झाला. मतभेद मिटले नसतानाही एकत्र बसता येते, याचा हा दाखला पन्नास वर्षांहून जुना आहे.

भाषेच्या वेळा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मागे पडली. मोठ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रविवारच्या वेळा भाषेप्रमाणे वाटल्या जाऊ लागल्या. एक मिस्सा मराठीतून, एक इंग्रजीतून, कुठे कोकणी, तामिळ किंवा हिंदीतून. प्रोटेस्टंटांत मल्याळी आणि तामिळ मंडळ्यांनी आपापली चर्चेच बांधली.

याचा फायदा मोठा होता. परगावी आलेल्या माणसाला निदान आठवड्यातून एकदा आपल्या भाषेत रडता-गाता आले. नव्या कामगाराला खोली कुठे मिळेल, कोणत्या कंपनीत भरती चालू आहे, हे उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी कळते. ते मातृभाषेत कळले तर त्याचा जीव थाऱ्यावर येतो. हे काम कुठल्याही सरकारी खात्याने केलेले नाही.

पण वेळा वाटल्या तशी माणसेही वाटली गेली. सकाळच्या इंग्रजी मिस्सेला येणारा अभियंता आणि त्याच वेदीपुढे नंतर मराठी मिस्सेला येणारा हेल्पर वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखत नाहीत. भाषेची फाळणी हळूहळू वर्गाची फाळणी होते. दुसरी पिढी आणखी वेगळी. मल्याळी आईबापांची निगडीत वाढलेली मुलगी घरी मल्याळम ऐकते, शाळेत मराठी-हिंदी-इंग्रजी बोलते आणि चर्चमध्ये आजोबांच्या काळातली मल्याळम ऐकून गप्प बसते. सोय म्हणून केलेली वाटणी हक्काची झाली की काय होते, ते बंगळुरूच्या कॅथलिक धर्मप्रांतातील कन्नड-तामिळ वादाने दाखवले आहे. तिथे कोणत्या भाषेत मिस्सा व्हावी यावरून अनेक वर्षे कटुता राहिली. आपल्याकडे तसे झाले नाही, याचे श्रेय इथल्या समंजसपणाला आहे. पण भांडण नाही म्हणजे ओळख आहे असे मात्र नव्हे.

देहू-आळंदीचे शेजारी

मराठी चर्चपाशी या कामासाठी मोठी शिदोरी आहे. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापले तेव्हा ओवी हा छंद त्याने सहज उचलला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. निरक्षर शेतकऱ्याला तासभर बसवून ठेवणारा हा प्रकार पाश्चात्त्य प्रवचनापेक्षा कितीतरी सरस ठरला. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचले, असे ते स्वतःच सांगत. त्यांची पदे आजही 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून मराठी मंडळ्या गातात. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ च्या सुमारास, त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे बरोबरीने बसावेत अशी ती कल्पना होती. आजही ती धाडसी वाटते.

पंडिता रमाबाईंचे काम याच पुणे जिल्ह्यातले, केडगावचे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. साध्यासुध्या, फारसे न शिकलेल्या बायकांना ते कळावे हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते बायकांनीच छापले आणि रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, ते पूर्ण झाले. उपदेशाची मराठी कशी असावी या प्रश्नाचे रमाबाईंनी दिलेले उत्तर इतके स्पष्ट आहे की आजच्या पाळकांनी ते नुसते पाळले तरी पुरे. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहून तोच धागा पुढे नेला. त्यांना २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले.

देहू आणि आळंदी या पट्ट्याच्या अगदी कुशीत आहेत. २००९ पासून दशकभराहून अधिक काळ पुण्याचे बिशप राहिलेले थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला आहे. असे असूनही इथल्या अनेक तरुण मंडळ्यांत ड्रम, कीबोर्ड आणि हिंदी-इंग्रजी गाण्यांचा जोर आहे. पेटी आणि टाळ आजीच्या भजन मंडळापुरते उरले आहेत. तरुणांना आवडते ते गाऊ द्यावे. मात्र आजीला येणारे एक पद प्रत्येक उपासनेत असावे, एवढे तरी पाळता येईल.

जात चर्चच्या दारात थांबत नाही

मराठी प्रोटेस्टंट समाजाचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आला. थोडे उच्चवर्णीय आले, त्यांना स्वतःशी झगडावे लागले. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपले सोवळे कसे सुटले ते सांगितले आहे. पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, इथपासून त्यांची लढाई होती आणि ती बाप्तिस्म्याच्या आधी जिंकावी लागली. जातिभेदाविरुद्धचा इतका प्रामाणिक उपदेश मराठी चर्चच्या व्यासपीठांवरून क्वचितच झाला असेल.

सरकारी पातळीवर पेच वेगळा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती बाहेर राहिले. समाजात जात चिकटलेली आणि कागदावर जात नाही, अशी ही कोंडी. भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला ती रोज टोचते. व्यासपीठावरून मात्र तिचा उच्चार होत नाही.

उपासना भारतीय करण्याच्या प्रयत्नांनाही हाच प्रश्न विचारला गेला. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा बदलांना मान्यता दिली. आरती, समई, हात जोडून नमस्कार, जमिनीवर बसून मिस्सा हे त्यातलेच. हेतू चांगला होता. पण हे भारतीयपण नेमके कोणाचे, असे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी विचारले. ज्या देवळाच्या पायरीवर आजोबांना चढू दिले नाही, त्याच देवळाची रीत चर्चमध्ये आणून नातवाला आपलेपण कसे वाटावे? मूळचे महाराष्ट्रातले अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूत दिलेल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी सुरू झाली. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्येही जातिभेद असल्याचे मान्य केले. कबुली आली, ती रविवारच्या प्रवचनात उतरायची बाकी आहे.

एक दाखला, अनेक श्रोते

उपदेश समावेशक असणे म्हणजे काय, हे एकाच उताऱ्यावर पाहू. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला आहे. मळ्याचा धनी पहाटे अड्ड्यावर जाऊन मजूर ठरवतो, दिवसाची मजुरी एक दिनार. तो पुन्हा सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि शेवटी दिवस मावळायला तासभर असताना जातो. उरलेल्यांना विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दिनार मिळतो आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करू लागतात. कॅथलिक वाचनक्रमात हा दाखला दर तीन वर्षांनी येतो. २४ सप्टेंबर २०२३ ला तो वाचला गेला, पुढची पाळी २० सप्टेंबर २०२६ ची.

आता मराठी मिस्सेतले बाक पाहा. पहिल्या बाकावर युनियनच्या करारातला कायम कामगार. वीस वर्षे घाम गाळलेला. त्याला पहाटेच्या मजुरांची कुरकुर अगदी रास्त वाटते. मधल्या बाकावर मजूर पुरवणारा ठेकेदार असू शकतो. मागे, दाराशी, कंत्राटी पोरगा उभा आहे. कधी 'ब्रेक' देऊन घरी बसवतील हे त्याला माहीत नसते. आणि जो आलेलाच नाही, तो थेरगावच्या डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर थापी-घमेले घेऊन थांबलेला आहे. दहा वाजून गेले की उरलेले परत जातात. 'कोणी कामावर घेतलेच नाही' या वाक्याचा अर्थ त्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

ठरावीक प्रवचनात पहाटेचे मजूर म्हणजे यहुदी, संध्याकाळचे म्हणजे इतर राष्ट्रे, आणि दिनार म्हणजे देवाची कृपा. हे चुकीचे नाही, पण बाकावरच्या एकालाही ते लागत नाही. याहून वाईट म्हणजे मजुरीबद्दल कुरकुर करू नका असा बोध त्यातून काढणे. दाखल्यात कोणाचीही मजुरी कापली गेलेली नाही. ठरलेले सर्वांना मिळाले, तेही त्याच दिवशी. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराचे पैसे रात्रभर अडकवून ठेवायला मनाई आहे. धन्याने नियम मोडला तो देण्याच्या बाजूने. दिनार हा एका घराचा एका दिवसाचा खर्च. संध्याकाळी आलेल्याच्या घरी तोंडे कमी नव्हती.

असे सांगितले की कायम कामगाराला आपली कुरकुर नव्याने तपासावी लागते. ठेकेदाराला पगाराची तारीख आठवते. दाराशी उभ्या असलेल्या मुलाला कळते की पुस्तकात आपणही आहोत. कोणाला खूश करायचे म्हणून काही गाळलेले नाही आणि कोणाला झोडपायचे म्हणून काही वाढवलेलेही नाही. समावेशक उपदेशाची कसोटी हीच. प्रत्येकाला आपली जागा सापडावी आणि घडीभर शेजाऱ्याच्या जागी बसायला लागावे.

जे अजून कडेला आहेत

मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांसाठी वेगळी सोय होती आणि रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या होत्या. शंभर वर्षांनंतर आपल्या कितीतरी चर्चच्या दारात पायऱ्या आहेत, उतार नाही. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेतली उपासना अपवादानेच होते. केरळात थ्रिसूरला मे २०२४ मध्ये एका कर्णबधिर तरुणाला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, ही भारतातली पहिलीच घटना. मोठा आवाज म्हणजे चांगली उपासना असे मानणाऱ्या मंडळ्यांनी तिची दखल घ्यावी.

स्त्रियांच्या बाबतीत पाऊल पडले आहे, पण अर्धे. दक्षिण भारतीय चर्चला २०१३ मध्ये पहिली स्त्री बिशप मिळाली. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचकाची आणि वेदीसेवकाची अधिकृत सेवा स्त्रियांना खुली केली. इथल्या मंडळ्यांत महिला संघ सगळी कामे करतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत मात्र बायका मोजक्या, आणि व्यासपीठावर त्या महिला रविवारपुरत्या दिसतात.

समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांबद्दल मराठी चर्चमध्ये बहुधा मौन असते. नागपुरात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय चर्च परिषदेने या विषयावर चर्चेची दारे उघडली आहेत. कॅथलिक आणि बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चची विवाहाबद्दलची शिकवण वेगळी आहे, हे खरे. पण शिकवण काहीही असो, व्यासपीठावरून टिंगल करायला कुठल्याच शिकवणीने परवानगी दिलेली नाही.

सर्वांत मिश्र मंडळी भरते ती अंत्यविधीला. एकाच घरात काका बौद्ध, मामा हिंदू, आत्या ख्रिस्ती अशी नाती नगर-मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांत सर्रास आहेत. कंपनीतले सहकारी येतात, शेजारी येतात. त्या वेळी दुसऱ्याच्या श्रद्धेला नावे ठेवणारा उपदेशक दुःखात असलेल्या घरालाच दुखावतो, आणि आधीच संशयाने पाहणाऱ्यांच्या हाती कोलीत देतो. अशा प्रसंगी पाच मिनिटे, साध्या मराठीत, गेलेल्या माणसाबद्दल आणि आशेबद्दल बोलावे. तेवढे पुरते.

काय करता येईल

नव्या इमारतीची गरज नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांना गुरुवारी संध्याकाळी पूर्ण उपासना घ्यायला कोणताही नियम आडवा येत नाही. कॅथलिकांत शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. औद्योगिक वसाहतीजवळच्या धर्मग्रामांनी ती शिफ्ट सुटण्याची वेळ पाहून ठेवावी. लॅटिन परंपरेत कोणत्याही रविवारचे शुभवर्तमान सर्व भाषांत एकच असते. मग महिन्यातून एकदा सर्व भाषांची एकच मिस्सा, वाचने वेगवेगळ्या भाषांत आणि प्रवचन सोप्या मराठीत, हे अवघड नाही. मिस्सेतले प्रवचन धर्मगुरूंनी किंवा डीकननीच करायचे असले तरी श्रद्धावंतांच्या प्रार्थना लोकांनीच म्हणायच्या असतात. त्या कंत्राटी कामगाराने, परिचारिकेने, झारखंडच्या मुलाने स्वतः लिहून म्हणाव्यात. उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जणांनी बोलण्याची प्रथा प्रोटेस्टंटांत आहेच. त्या सातांत निदान तीन स्त्रिया आणि एक तरी रात्रपाळीचा कामगार असावा.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सूचना उपदेशकासाठी आहे. रविवारचा उतारा शुक्रवारीच तिघांबरोबर वाचावा. त्यांतला एक तरी असा असावा की जो रविवारी येऊ शकत नाही. आणि पास्टरेट कमिटीच्या पुढच्या निवडणुकीत एक जागा कंत्राटी कामगारासाठी धरून ठेवावी. भाषेच्या वेळा ठरवताना या पट्ट्यातल्या चर्चनी जी तत्परता दाखवली, तीच आता पाळीच्या आणि कंत्राटाच्या बाबतीत दाखवायला हवी. ते होईपर्यंत आपली उपासना बहुभाषिक आहे एवढेच म्हणता येईल, समावेशक नाही.